कन्हान ते नागपूर, डाव्या चाकाचा आवाज

मेच्या पहिल्या आठवड्यात मी नागपूरला गेले आणि जूनच्या मध्यावर परत आले. चिपळुणात भेटेल तो विचारतो, रामटेक पाहिलंस का, वाघ दिसला का, संत्री कुठायत? संत्र्यांचा हंगाम नव्हता, एवढं सांगून मी सुटका करून घेते. खरं म्हणजे तिथे मी एकच रस्ता पाहिला. कन्हान गावापासून नागपुरातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलपर्यंतचा, वीस-बावीस किलोमीटरचा. ज्यांना नागपूर बघायला जायचं आहे त्यांना ह्या लिहिण्याचा काही उपयोग नाही. ज्यांच्या घरी जुनी गाडी आणि आजारी माणूस दोन्ही आहेत, त्यांना कदाचित होईल.

कन्हान, रविवार

माझी मोठी बहीण मंगलताई लग्न होऊन कन्हानला गेली, त्याला एकतीस वर्षं झाली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, तिथल्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होते. पंप, मोठाले पंखे, कोळसा वाहणारे पट्टे, जे जे फिरतं ते बिघडलं की त्यांच्याकडे यायचं. त्यांना मूलबाळ नाही. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत दाजींचा आवाज बसला, घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. त्यानंतर ते गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेत. त्या भोकावर ताई पातळ मलमलीचा तुकडा बांधायची. बोलणं संपलं. काय सांगायचं ते लहान मुलांसाठी मिळते तसल्या प्लास्टिकच्या पाटीवर लिहून.

ऑपरेशननंतर रेडिएशनच्या तीस सिटिंग ठरल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकदा सुरू केलं की खंड पडू द्यायचा नाही. पहिले काही दिवस शेजारच्या गृहस्थांनी दाजींची गाडी चालवून त्यांना नेलं-आणलं, मग त्यांची बदली झाली. भाड्याची गाडी लावली. दुसऱ्याच दिवशी दाजींना खोकल्याची उबळ आली, गळ्यातून कफ बाहेर आला आणि ड्रायव्हरनं ते आरशात पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. दुसरा लावला, तोही टिकला नाही. ऑटोनं जावं तर रस्त्यावरची सगळी धूळ थेट श्वासात. ताईला गाडी येत नाही. तिचा फोन आला, "नीलू, शाळेले सुट्टी लागली न तुझ्या? गाडी चालवाले ये वं."

मी शाळेत शिकवते आणि गेली पंधरा वर्षं घाटातून गाडी चालवते. बॅग भरली.

नागपूर स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि फलाटाच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. आमच्याकडे मे म्हणजे घामाच्या धारा. तिथे घाम येतो कधी आणि वाळतो कधी हे कळतच नाही, कपाळावर फक्त मिठाची खर लागते हाताला. ताईकडे पोचले तर खिडक्यांना जाड पडदे, कोपऱ्यात घरघरणारा कूलर आणि दुपारी घराबाहेर चिटपाखरू नाही. तिनं ज्वारीची आंबील पुढे ठेवली, वर जिऱ्याची पूड. आम्ही कोकणातले लोक पाहुण्याला चहा घेणार का विचारतो. तिथे विचारत नाहीत, ठेवतात, आणि नाही म्हटलं तर "काहून?" म्हणून तोंडाकडे पाहत राहतात.

दाजी खाटेवर बसले होते. निम्मे झाले होते. मला पाहून त्यांनी पाटीवर लिहिलं, "प्रवास बरा झाला?" मग पुसून, "गाडी पाहाले चाल."

गाडी सोळा वर्षांची, पांढरी, छोटी. ऑपरेशन होईपर्यंत तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तेल बदलण्यापासून क्लच बसवण्यापर्यंत सगळं दाजी स्वतः करत. त्यांनी बॉनेट उघडून प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवलं, मी मान डोलावली. बॉनेट बंद करायला त्यांना दोन्ही हात आणि छाती लावावी लागली. मी मदतीला पुढे झाले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

पहिला आठवडा

सिटिंगची वेळ दुपारी दोनची. ह्याहून वाईट वेळ नाही, पण मिळाली ती. बारा वाजता निघायचं. दाजी पुढे माझ्या शेजारी, ताई मागे. तिच्या मांडीवर पिशवी, त्यात सलाईनची बाटली, कापूस, चिमटा आणि मलमलीचे धुतलेले तुकडे. गाव सोडलं की नदीवरचा पूल. खाली मे महिन्याची कन्हान नदी, रुंद वाळू आणि मधोमध एक बारीक धार. वाळूत लोक कलिंगडाचे वेल लावतात. तिथे कलिंगडाला डांगर म्हणतात, आणि पूल संपला की रस्त्याच्या कडेला डांगरांचे ढीग घेऊन बायका बसतात. मग कामठी, मग नागपूर.

पहिल्याच दिवशी चाळीसच्या वर वेग गेला तसा एक आवाज सुरू झाला. दूर कुठे पिठाची गिरणी चालू असावी तसा. वेग वाढला की चढायचा, कमी केला की उतरायचा. मी लक्ष दिलं नाही. दाजींनी दिलं. त्यांनी चप्पल काढली आणि तळपाय गाडीच्या तळाला टेकवले. मग पाटी माझ्यापुढे धरली, "ऐकू येते का?"

"रस्ता खराब आहे दाजी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. पुढे सिमेंटचा गुळगुळीत रस्ता लागला. तिथे पुन्हा पाटी आली, "रस्ता बदलला. आवाज तोच."

दुसऱ्या दिवशी मोकळा पट्टा पाहून त्यांनी लिहिलं, "न्यूट्रल कर." मी गिअर काढला. इंजिनचा आवाज उतरला, गाडी नुसती वाहत राहिली आणि ती गिरणी तशीच चालू. म्हणजे इंजिनचा आवाज नाही, चाकांचा. मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आलंय, असं ताई म्हणाली. आम्ही दोघी त्यांना खेळू देत होतो म्हणा ना. चूक तिथेच झाली.

हॉस्पिटलात त्यांना आत नेत, चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा घालून टेबलाला आवळून ठेवत. आम्ही बाहेर. रोज तेच चेहरे. एका दुपारी यंत्र बंद पडलं आणि दोन तास थांबायला सांगितलं, तेव्हा मी मेट्रोनं सीताबर्डीला गेले. गळ्याच्या मलमलीचे तुकडे विरत आले होते. कापडाच्या दुकानात म्हाताऱ्या मालकांनी तागा उलगडला आणि विचारलं, "बारशासाठी का? लंगोट-झबल्याले हेच घेऊन जातात लोक."

मी हो म्हणाले.

"मुलगा का मुलगी?"

"मुलगा," मी म्हणाले. त्यांनी हसून हातभर कापड जास्त फाडून दिलं. बाहेर व्हरायटी चौकात सगळं गाव तोंडाला दुपट्टे बांधून खरेदी करत होतं. मी त्या गर्दीत उभी राहून रडले. दुपट्ट्यात कुणाला कळलं नाही.

रविवारी सिटिंग नसते. सकाळी ऊन चढायच्या आत दाजी मला खाणीच्या वसाहतीमागच्या मोकळ्या मैदानावर घेऊन गेले. तिथे त्यांनी मला मोठमोठी वर्तुळं काढायला लावली. आधी डावीकडून, मग उजवीकडून. डावीकडे वळताना आवाज जवळजवळ थांबायचा. उजवीकडे वळलं की असा वाढायचा की माझ्या हातात स्टिअरिंग थरथरायचं. पाच-सहा फेऱ्यांनंतर त्यांनी लिहिलं, "उजवीकडे वळली की गाडीचं वजन डाव्या चाकावर येते. आवाज तवा वाढते. डाव्या पुढच्या चाकाची बेरिंग जाऊन राहिली."

"म्हणजे काय होईल?" मी विचारलं.

त्यांनी पाटी पुसली. मग, "आज नाही. पण चालवू नये."

घरी ताईनं त्या दिवशी गोळाभात केला होता. डाळीच्या भरड्याचे गोळे भातात शिजवलेले, वरून कडकडीत तेलाची फोडणी. मी दोनदा घेतला. दाजींचं तोंड आतून सोलवटलं होतं. त्यांनी थंड दूध चमच्यानं घेतलं, एका वाटीला पाऊण तास. खाताना ते भिंतीकडे तोंड करून बसत.

कामठी रोड, सोमवार

दुसऱ्या दिवशी सिटिंग झाल्यावर मी गाडी कामठी रोडवरच्या एका गॅरेजला घातली. कडुनिंबाखाली चार गाड्या उघड्या पडलेल्या, मालक शेषराव मिस्त्री पंचेचाळिशीचा, हात कोपरापर्यंत काळे. माणूस चांगला होता, हे आधीच सांगते. त्यानं सगळं सोडून आमची गाडी पाहिली, ताईला बसायला स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं. गाडी शंभर पावलं चालवून आणली आणि पुढच्या टायरवरून हात फिरवला.

"हे पाहा ताई, टायर पायऱ्यापायऱ्यायनं झिजले. याचाच आवाज आहे. मागचे पुढे, पुढचे मागे करून देतो."

दाजी धुळीमुळे गाडीतच होते. त्यांनी काचेवर टकटक केलं आणि आतून पाटी लावली, "डावं पुढचं चाक उचल. वर-खाली धरून हलव. बेरिंग पाहा."

शेषरावनं वाचलं, आणि वाकून मोठ्या आवाजात, एकेक शब्द तोडून म्हणाला, "काका! टेन्शन! नका घेऊ! टायरच आहे!"

बोलता न येणाऱ्याला ऐकूही येत नाही, असं लोक धरून चालतात. शेषरावचं एकट्याचं नाही, हॉस्पिटलातले शिकलेले लोकही दाजींशी तसंच बोलत. दाजींनी पाटी तशीच काचेला धरून ठेवली. शेषराव माझ्याकडे पाहत होता. साडेचार वाजले होते. दाजींचा चेहरा रेडिएशननं करपलेला, ताई स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होती. मला घरी जायचं होतं.

"टायर मागेपुढे करून द्या," मी म्हणाले.

येताना आवाज निम्मा झाला होता. मला फार बरं वाटलं. "बघा दाजी," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा तळपाय गाडीच्या तळाला टेकवले.

मंगळवारी त्यांनी लिहिलं, "टायरचा गेला. बेरिंगचा आहेच." बुधवारी लिहिलं, "आज पहिल्यापेक्षा जाड." गुरुवारी कामठीच्या बाजारातून जाताना समोरून बैलगाडी आली, मागून ट्रक भोंगा वाजवत होता, आणि तेवढ्यात त्यांनी पाटी माझ्या डोळ्यांपुढे आणली. मी ती हातानं बाजूला लोटली.

"पुरे झालं दाजी!" मी ओरडले. "मिस्त्रीला कळतं की तुम्हाला? रोज गाडी चालवते कोण? मला रस्ता तरी बघू द्या!"

मागून ताई हळूच म्हणाली, "राहू द्या न हो. बिचारी एवढ्या दुरून आली."

दाजींनी बाहीनं पाटी पुसली, पायाशी ठेवली आणि खिडकीबाहेर पाहू लागले. संध्याकाळी मी माफी मागायला गेले, तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लिहिलं काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही.

पुलाजवळ, शुक्रवार

सव्विसावी सिटिंग होती. गाव सोडतानाच आवाज बदललेला होता. गिरणी जाऊन आता कुणीतरी खडी चाळत असल्यासारखी घरघर. पुलावर ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा खूप खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर लागला. मी दाजींकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते. तळपाय गाडीच्या तळाला टेकलेले, पाटी पायाशी. मला कळलं होतं. तरी मनात म्हटलं, संध्याकाळी येताना मिस्त्रीला दाखवू. आजची सिटिंग चुकायला नको.

पूल ओलांडून दोन मिनिटं झाली असतील. जळका वास आला, स्टिअरिंग हातात नाचायला लागलं आणि डावीकडून लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज झाला. मी ब्रेक मारत, पुन्हा मारत गाडी कशीबशी कडेला घेतली. उतरून पाहिलं तर डावं चाक आतल्या बाजूला कललेलं आणि त्यातून धूर येत होता. हात जवळ नेववत नव्हता.

साडेबारा वाजले होते. पंचेचाळीसच्या पुढचं ऊन. झाड नाही. एसी बंद झाला तसा गाडीचा पाच मिनिटांत तवा झाला, म्हणून दाजींना बाहेर घ्यावं लागलं. बाहेर एकामागून एक वाळूचे ट्रक, आणि प्रत्येकामागे धुळीचा लोट. मी हॉस्पिटलला फोन लावला. ॲम्ब्युलन्स पाठवतो म्हणाले, तीस-चाळीस मिनिटं. हात करून दोन ऑटो थांबवले. एकात जागा नव्हती. दुसऱ्यानं दाजींचा गळा पाहिला आणि निघून गेला.

मग खोकला सुरू झाला. कोरड्या हवेनं आतला कफ वाळून भोकाशी अडकला. आपल्याला खोकला येतो तेव्हा आवाज होतो. त्यांचा होत नसे. नुसते खांदे उडत आणि गळ्यातून शिट्टी वाजल्यासारखी हवा. ताईनं सलाईनचे थेंब सोडले, चिमट्यानं काढायचा प्रयत्न केला, पण चिमट्यात काही येत नव्हतं. शिट्टी बारीक होत गेली. ओठ निळे पडले.

पलीकडून एक बाई धावत आली. डांगरं विकणारी, साठीची असेल. "उन्हात काहून ठेवलं बाप्पा माणसाले! आना, सावलीत आना त्याहिले!" तिनं आणि मी दाजींना दोन्हीकडून धरून तिच्या पोत्याच्या मांडवाखाली नेलं. तिनं लुगड्याचा पदर माठात बुडवून पिळला आणि त्यांच्या गळ्यापुढे दोन हातांनी पडद्यासारखा धरला, ओल्या कापडातून हवा जावी म्हणून. तिला हे कुणी शिकवलं होतं? मी विचारलं नाही. "बाटलीतलं सगळं सोड माय, भिऊ नको," ती ताईला म्हणाली. ताईनं सोडलं. एक मोठी उबळ आली आणि कवडीएवढा वाळका, रक्ताळलेला तुकडा बाहेर पडला. श्वास सुरू झाला, पण तो आधीचा श्वास नव्हता.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, ती बाई तसाच पदर धरून उभी होती. वाळला की भिजवायची. तिचं नाव विचारायचं राहिलं. नंतर त्या रस्त्यानं गेले तेव्हा डांगरं संपली होती आणि मांडव काढलेला होता.

हॉस्पिटल, दहा दिवस

त्यांना दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला, फुप्फुसात जंतुसंसर्ग झाल्याचं कळलं आणि रेडिएशन थांबवलं. पंचवीस झाल्या होत्या. डॉक्टर तरुण होत्या, सरळ बोलणाऱ्या. मी त्यांना गाठून विचारलं, त्या दिवशीच्या उन्हाधुळीनं हे झालं का?

"तीस वर्षं खाणीत काढलेली फुप्फुसं आहेत," त्या म्हणाल्या. "हे घरी बसूनही झालं असतं."

"पण झालं नसतं, असंही असू शकतं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असू शकतं," त्या म्हणाल्या.

गाडी शेषरावच्या गॅरेजला ओढून नेली होती. तिसऱ्या दिवशी मी तिथे गेले. त्यानं चाक, ब्रेक, सगळं उतरवून बेरिंग दाबयंत्रावर काढली होती. बाहेरची कडी तापून निळी-काळी झालेली, आतल्या गोळ्यांपैकी काही फुटलेल्या, काही नुसता चुरा. नवी बसवूनही झाली होती. मी येईपर्यंत तो जेवला नव्हता, असं नंतर कळलं.

"काका कसे आहेत?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. तो खाली बसला. फडक्यानं हात पुसत राहिला.

"मी चाक हलवून पाहिलंच नाही ताई," तो म्हणाला. "दोन मिनिटाचं काम होतं. टायर काढाले जॅक लावलाच होता, चाक वर-खाली धरून हलवलं असतं, तं पोरालेही समजलं असतं. काकांनी लिहून दाखवलं होतं. मले वाटलं, बिमार माणूस आहे, त्याले काय कळते."

मलाही तेच वाटलं होतं, आणि मी तर त्यांच्या घरातली.

जुनी बेरिंग कागदात बांधून मी वॉर्डात घेऊन गेले. का नेली, आजही नीट सांगता येत नाही. वाटलं, त्यांना पाहायचं असेल. दाजी ऑक्सिजनवर होते, पण शुद्धीवर. मी पुडी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती सोडवली, फुटक्या गोळ्यांवरून अंगठा फिरवला आणि कडी फिरवून पाहिली. फिरेना. मग बोटांनी पाटी मागितली. अक्षर फार वाकडं आलं होतं.

"मले माहीत होतं."

"मग बसलात कशाला गाडीत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. पलीकडच्या खाटेवरचे लोक पाहू लागले. "नाही म्हणायचं होतं! उठून घरात जायचं होतं! मी काय तुम्हाला बांधून नेत होते?"

त्यांनी पाटी पुसली. लिहायला खूप वेळ लागला.

"पाटीवर भांडता येत नाही."

मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा लिहिलं, "दुसऱ्या बाजूची पण बदलून घे. तिचीही उमर झाली." मी शेषरावला फोन केला आणि त्यांच्यासमोर तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर त्यांनी ताईसाठी एक-दोनदा काही लिहिलं, ते मी वाचलं नाही. माझ्यासाठी काही लिहिलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ते गेले. ताई कँटीनमधून चहा आणायला खाली गेली होती. मी शेजारी होते. खांदे दोनदा उडाले आणि थांबले. आवाज झाला नाही, म्हणून मला क्षणभर कळलंच नाही.

कन्हान, शेवटचे दिवस

नदीकाठच्या घाटावर सगळं झालं. वर्कशॉपातले जुने सोबती आले होते, बरेचसे खोकणारे. शेषराव आला, लांब उभा राहिला, शेवटी पाया पडून गेला. दिवसांत शेजारणी पाळी लावल्यासारख्या भाकरी-वरण आणून देत. आमच्याकडे अशा घरी माणसं हळू आवाजात बोलतात. तिथे बायका येताच ताईला कवेत घेऊन मोठ्यानं रडत, मग तेवढ्याच मोठ्यानं "खाऊन घे वं आता" म्हणत ताट पुढे करत. मला आधी ते अंगावर आलं. नंतर वाटलं, आपल्यापेक्षा हेच बरं.

ताई माझ्याशी बोलत होती, पण कामापुरतं. डबा कुठाय, चादर वाळली का. तेराव्यानंतर शाळा उघडायची वेळ झाली. मी म्हणाले, रजा वाढवते. ती नको म्हणाली.

स्टेशनवर सोडायला मात्र आली. मीच गाडी चालवत नेली, परत न्यायला तिनं शेषरावला बोलावून घेतलं होतं. दोन्ही बेरिंगा नव्या होत्या. वाटेत कसलाही आवाज आला नाही आणि आम्हीही बोललो नाही. कामठी गेली, इंदोरा गेला. तिनं सारा वेळ डाव्या हातानं दाराचं हँडल धरून ठेवलं होतं.

गाडी फलाटाला लागल्यावर तिनं माझ्या हातात डब्याची पिशवी दिली. मी पाया पडले. तिनं मला उठवलं आणि मी विचारायच्या आतच म्हणाली, "तुले दोष नाही देत मी. मीही तं म्हटलंच होतं त्यायले, राहू द्या म्हणून."

"ताई..."

"ऐक न. तुझा आवाज ऐकला की मले तो कामठीचा बाजार आठवते. तू त्यायच्यावर ओरडली ते. त्यायनं बाहीनं पाटी पुसली ते." तिनं पिशवीची गाठ घट्ट केली. "काही दिवस फोन नको करू वं. मीच करीन."

मी हो म्हणाले. गाडी सुटेपर्यंत ती खिडकीशी उभी होती. गाडी हलली तसा तिनं माझा हात दाबला आणि सोडला.

ह्याला सात आठवडे झाले. तिचा फोन आलेला नाही. संध्याकाळी शाळेतून आले की मी फोन हातात घेते, तिचं नाव काढते आणि परत ठेवून देते. तिनं सांगितलंय, तेवढं तरी ऐकायचं ठरवलं आहे.